नाकापेक्षा मोती जड

मुलीची लष्करी सेवा संपली वा लग्न ठरले, की आपल्या काही घरांत नाकाच्या शस्त्रक्रियेचा विषय निघतो. मुलगी हट्ट धरते, आईवडील बिचकतात. येथे धाकापेक्षा माहिती अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

ही विद्या आपणांस परकी नाही. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्यास पुण्याजवळ कपाळाचे कातडे वळवून नवे नाक देण्यात आले. ती हकीकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ साली छापली. पुढे १८९८ साली बर्लिनचे यहुदी शल्यविशारद जाक जोसेफ यांनी मोठे नाक लहान करण्याची शस्त्रक्रिया केली. पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमी सैनिकांचे चेहरे सावरले. परंतु त्यांच्याकडे येणाऱ्यांत, आपण यहुदी म्हणून ओळखू येऊ नये एवढ्यासाठी नाक बदलू पाहणारेही होते.

नाक हे केवळ शोभेचे नव्हे. हाड व कूर्चा यांच्या आधाराने उभे असलेले ते श्वासाचे द्वार आहे. पूर्वी कापून कमी करण्यावर भर असे. आधार फार काढला गेला, तर पुढे नाक खचे आणि श्वास कोंडे. आता मूळ आधार राखण्याकडे, व गरज पडल्यास नाकाच्या पडद्याची, कानाची वा बरगडीची कूर्चा वापरून तो बळकट करण्याकडे शल्यविशारदांचा कल आहे. सूज पुरती उतरण्यास वर्षभर, क्वचित अधिकही लागते. म्हणून लग्नाच्या तोंडावर घाई नको आणि चेहऱ्याची वाढ पूर्ण होण्यापूर्वी तर नकोच.

पडदा वाकडा असेल, अपघाताने नाक मोडले असेल, तर संकोच कशाला? निव्वळ रूपासाठी करावे काय, याविषयी धर्मपंडितांतही मतभेद आहेत: रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी अनुमती दिली, रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी विरोध केला. तेव्हा अंतिम निर्णय सज्ञान मुलीचाच असावा.

मात्र तिला एक प्रश्न जरूर विचारावा: आरशात पाहतेस ती कोणाच्या नजरेने? १९६४ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, ते आपण आहोत तसे पूर्ण यहुदी मानले जावे म्हणून. त्यांचा हक्क मान्य झाला. त्यांचा चेहरा आपल्याच घरात दोष ठरू नये.