दारावरचे लिंबू ताटात हवे

शनिवारी मलकापूरपासून मेहकरपर्यंत दुकानोदुकानी लिंबू-मिरची टांगलेली दिसते. त्याच घरची सून मात्र फिकट चेहऱ्याने माझ्याकडे येते. धाप लागते, चक्कर येते. रक्त तपासावे तर हिमोग्लोबिन कमी! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

आपल्या ज्वारीत, डाळीत, मेथीत लोह असते. पण वनस्पतींतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. लिंबातील 'क' जीवनसत्त्व हे शोषण वाढवते. म्हणून वरणावर, भाजीवर लिंबू पिळावे, तेही ताटात वाढल्यावर. उकळत्या पातेल्यात पिळल्यास बरेचसे जीवनसत्त्व नष्ट होते. जेवणाला लागूनच चहा घेऊ नये. तो लोहाचे शोषण अडवतो. तासाभराने घ्यावा.

अर्थात, लिंबू म्हणजे औषध नव्हे. रक्तक्षय असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात.

आपल्याकडे पाहुण्याच्या ताटात लिंबाची फोड न चुकता पडते. घरची बाई शेवटी जेवते, तेव्हा ना भाजी उरते, ना लिंबू. वाचकहो, आजपासून एक फोड तिच्यासाठी आधी बाजूला काढून ठेवा.