पंखा नंतर, आधी छप्पर

उन्हाळ्यात वस्तीत घरभेटीला गेलो की आम्ही आता बाळंतिणीची नाडी बघण्याआधी तिच्या डोक्यावरचे छप्पर बघतो. तेरखेड्यात काय किंवा शेजारच्या गावांत काय, चित्र एकच. मुलाचे लग्न झाले, खालची जागा पुरेना, म्हणून स्लॅबवर चार भिंती उभ्या करून पत्रे टाकले जातात. ती खोली मग बाळंतिणीच्या नाहीतर म्हाताऱ्या आईच्या वाट्याला येते.

मागच्या वैशाखात अशाच एका खोलीत आठ दिवसांचे बाळ अंगाने फणफणलेले दिसले. खाली ओट्यावर आणले, गुंडाळलेली दुपटी सोडली, आईला पाजायला बसवले. तासाभरात अंग निवले. तरी दवाखान्यात नेलेच, कारण एवढ्या लहान बाळाचा ताप घरी काढायचा नसतो. पण मूळ दुखणे छपरात होते.

पूर्वी आपल्याकडे माळवदे होती. लाकडावर मातीचा जाड थर, त्यामुळे आत गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी-सास्तूर भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. लोकांनी माळवद सोडले, ते बरोबरच केले. पण मातीबरोबर गारवाही गेला आणि त्याची भरपाई कोणी केली नाही.

आपली खोली किती तापते, हे आधी मोजा. भिंतीवर लावायचा साधा तापमापक बाजेच्या उंचीवर, भिंतीपासून दूर टांगा. दुपारी तीनला आणि रात्री दहाला आकडा लिहा. त्याच वेळी बाहेर सावलीतला आकडाही लिहा. असे चार दिवस करा. दुपारी आतला आकडा बाहेरच्यापेक्षा बराच जास्त आला, तर पत्रा तापतो आहे. रात्रीही आत उकडत असेल, तर खालचा स्लॅब आणि भिंती दिवसभराची ऊब सोडत आहेत. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो.

उपाय क्रमाने करावेत. पहिला, पत्र्यावर बाहेरून पांढरा, ऊन परतवणारा रंग. चुना स्वस्त पडतो, पण पत्र्यावर टिकत नाही; पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावा लागतो. दुसरा, पत्र्याखाली छत. पत्रा आणि छत यांत वीतभर पोकळी ठेवा आणि दोन्ही टोकांना जाळी लावा, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. तिसरा, पश्चिमेच्या भिंतीवर सावली.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते घासू, कापू, छिद्र पाडू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो. स्वस्त म्हणून पत्र्याखाली थर्माकोल लावू नका, कडबा किंवा पाचट भरू नका. आपले गाव फटाक्यांचे. कामावरून येणाऱ्याच्या कपड्यांवरही दारूची भुकटी असते. थर्माकोल पेटला की वितळून अंगावर पडतो आणि त्याच्या विषारी धुराने जीव जातो. कामाचे कपडे खालीच बदला. वरच्या खोलीत दारू किंवा फटाके ठेवायचेच नाहीत.

हे सगळे घरच्यांनी एकट्याने करावे, असे आमचे म्हणणे नाही. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच आहे. घरकुल २६९ चौरस फुटांचे. कुटुंब वाढले की माणसे वर पत्र्याखाली जाणारच, हे कागदावर घर आखणाऱ्याला कळायला हवे. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेसाठी कृती आराखडा केला; पुढे तिथल्या गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी झाली. मग आपल्या ग्रामपंचायतीने निदान बाळंतिणी आणि म्हातारी माणसे राहतात त्या खोल्यांच्या रंगाचा खर्च का उचलू नये? येत्या ग्रामसभेत चार दिवसांचे आकडे लिहिलेली वही घेऊन जा. तोंडी तक्रार विसरली जाते, आकडे पुसता येत नाहीत.

तोवर दुपारी अकरा ते चार त्या खोलीत कोणाला झोपवू नका. कोणी बरळू लागले, अंग चटके बसण्याइतके तापले, तर सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.