शिवडी ते तळेगाव : दोनदा आले, दोनदा गेले

पुण्याजवळच्या तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातून २४ डिसेंबर २०२० रोजी शेवटची मोटार बाहेर पडली आणि या अमेरिकन कंपनीचा भारतातील दुसरा अध्याय संपला. पहिला अध्याय १९५४ साली मुंबईच्या शिवडीत संपला होता. दोन्ही वेळी दोष मात्र भारताच्याच माथी मारला गेला. कधी आपली धोरणे जाचक, कधी आपले कामगार कायदे कालबाह्य, कधी आपला ग्राहकच चिकट! परदेशी पाहुणा उठून गेला की घरच्यांच्या पाहुणचारातच उणे शोधणाऱ्या विद्वानांची आपल्याकडे वाण नाही. या विद्वानांनी जनरल मोटर्सचा भारतातील इतिहास एकदा मुळापासून वाचावा.

ही कंपनी मुंबईत आली ती १९२८ साली. शिवडीच्या कारखान्यात शेव्हरोले, ब्यूक अशा मोटारी आणि मालमोटारी तयार होत, असे म्हणण्याची पद्धत आहे. पण ‘तयार होत’ हा शब्द येथे फसवा आहे. सुटे भाग खोक्यांत भरून बोटीने येत, शिवडीत ते जोडले जात आणि त्यावर नाममुद्रा झळके. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी मालमोटारी जोडण्याचे मोठे काम या कंपनीला मिळाले. परंतु तब्बल सव्वीस वर्षांत शिवडीत एकही इंजिन घडले नाही. ज्या शहरात अनेक कापड गिरण्या, रेल्वेचे कारखाने आणि हुन्नरी कारागिरांच्या पिढ्या होत्या, त्या शहरात इंजिन घडवणे अशक्य होते काय? अशक्य नव्हते, पण अनावश्यक होते. सुटे भाग विकण्यात जो नफा होता तो भारतीय माणसाला भाग घडवायला शिकवण्यात नव्हता.

याच काळात भारतीय मोटारीचे स्वप्न पाहणारी माणसे काय करीत होती? सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा करून मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले तेव्हा त्याने या योजनेला अनुकूलता दाखविली, पण दिल्लीतील गोऱ्या सरकारने ती उचलून धरली नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ही धुरा पुढे खांद्यावर घेतली. फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली. क्रायस्लरशी १९४० मध्ये करार झाला, तर महायुद्धाचे कारण पुढे करून सरकारने हात आखडता घेतला. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन व्हायला १९४४ साल उजाडले. म्हणजे एकीकडे परकीय जोडणी कारखाने सुखेनैव चालू आहेत आणि दुसरीकडे देशी उद्योजक सरकारचे उंबरठे झिजवीत आहेत! ‘खुल्या बाजारपेठे’चे हे खरे रूप तेव्हाच दिसले होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. तयार मोटारींच्या आयातीवर १९४९ मध्ये बंदी आली आणि १९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने स्पष्ट केले, की भारतात टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम जे देतील त्यांनी राहावे. नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. ‘नेहरूंच्या समाजवादाने जनरल मोटर्सला हाकलले’ असे जे सांगितले जाते ते म्हणूनच अर्धसत्य आहे. नेहरूंच्या अर्थनीतीवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण या एका प्रश्नात सरकारची अट रास्त होती. कंपनीपुढे दोन वाटा होत्या आणि तिने जाण्याची वाट निवडली. राहून घडवण्याची अट तिला परवडली नाही.

पुढे चूक झाली ती वेगळीच. संरक्षण दिले, पण संरक्षण घेणाऱ्यांकडून काही मागितले नाही. ॲम्बॅसेडर आणि फियाट यांच्यासाठी ग्राहकाने वर्षानुवर्षे रांगेत उभे राहायचे आणि कारखानदाराने जुनाच सांगाडा नवा म्हणून विकायचा, हा स्वदेशीचा विजय नव्हता, परवाना-राज्याची मक्तेदारी होती. स्वदेशी म्हणजे निकृष्ट, ही समजूत याच दशकांनी रुजवली आणि पुढे परकीय कंपन्यांच्या स्वागताला जी झुंबड उडाली तिची बीजे तेथेच आहेत.

परकीय सहकार्य अटी घालून घेता येते, याचा धडाही याच देशात मिळाला. मारुती उद्योगात १९८२ साली सुझुकीला अवघा २६ टक्के वाटा देण्यात आला. स्थानिक सुट्या भागांचे प्रमाण वाढवत नेण्याचे बंधन होते आणि त्यासाठी पुरवठादार उद्योग उभे केले गेले. पुढे सुझुकीने कंपनीवर ताबा मिळवला ही गोष्ट खरी, पण तोवर गुरगाव-फरिदाबाद पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्यांचे जाळे तयार झाले होते.

उदारीकरणानंतर जनरल मोटर्स पुन्हा आली. १९९४ मध्ये हिंदुस्थान मोटर्सशी निम्मी-निम्मी भागीदारी झाली आणि १९९६ पासून गुजरातेतील हालोल येथे ओपेल ॲस्ट्रा निघू लागली. १९९९ मध्ये भारतीय भागीदाराचा वाटा विकत घेऊन अमेरिकन कंपनी एकटी मालक झाली.

नेमक्या याच वर्षांत पुण्यात काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. पिंपरीत टाटांचे अभियंते संपूर्ण भारतीय मोटार आखत होते. नवा कारखाना परवडत नव्हता, म्हणून निस्सान कंपनीने ऑस्ट्रेलियात बंद करून टाकलेला एक कारखाना त्यांनी विकत घेतला, तो सुटा करून बोटींनी आणला आणि पिंपरीत उभा केला. त्यातून १९९८ मध्ये इंडिका आली. एका परकीय कंपनीने दुसऱ्या देशात टाकून दिलेली यंत्रे पुण्याच्या हातांनी पुन्हा बोलकी केली! इंडिकाच्या पहिल्या गाड्यांत दोष होते, ते मान्य करून सुधारलेही गेले.

हालोलला मात्र आखण्याचा प्रश्नच नव्हता. ओपेल जर्मन, तिच्यानंतर शेव्हरोले हे अमेरिकन नाव आले, तर आत कोण? ऑप्ट्रा आणि ॲव्हिओ कोरियाच्या देवूच्या, फॉरेस्टर जपानच्या सुबारूची, टवेरा इसुझूची. स्पार्क म्हणजे देवूने पूर्वी भारतात विकलेल्या मॅटिझचीच पुढची आवृत्ती. पुढे आलेल्या सेल आणि एन्जॉय चिनी वंशाच्या. २००६ साली ओपेल हे नावच भारतातून काढून घेतले, तेव्हा ओपेल घेतलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी काय करावे, याचा विचार डेट्रॉइटमध्ये कोणी केला असेल असे वाटत नाही. ‘बीट’ ही त्यातल्या त्यात लोकांना आवडलेली गाडी, हे नमूद केले पाहिजे. एकंदरीत मात्र भारतीय रस्ता, भारतीय कुटुंब आणि भारतीय खिसा यांचा विचार करून एक गाडी मन लावून घडवावी, असे दोन दशकांत या कंपनीला वाटले नाही. त्याच बाजारात १९९८ पासून कोरियाच्या ह्युंदाईने सँट्रोच्या बळावर पाय रोवले. कायदे तेच, कामगार तेच, रस्तेही तेच. मग दोष कोणाचा?

तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. वर्षाला १ लाख ४० हजार मोटारींची क्षमता, पुढे इंजिनांचा विभाग, मावळातील तरुणांना नोकऱ्या. सारे काही मनासारखे. परंतु १ जून २००९ रोजी खुद्द अमेरिकेत जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. जगाला मुक्त बाजारपेठेचे पाठ देणाऱ्या अमेरिकेने तेव्हा काय केले? करदात्यांचे सुमारे ५० अब्ज डॉलर ओतून आपली कंपनी वाचवली आणि काही काळ सरकारच तिचे बहुसंख्य मालक झाले. यात अमेरिकेने चूक केली असे कोणी म्हणणार नाही. आपला उद्योग वाचवणे हे कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राचे कर्तव्यच आहे. मात्र भारताने हेच केले की ती ‘संकुचितता’ ठरते.

या दिवाळखोरीचा भारताशी संबंध लगेच दिसला. २००९ च्या डिसेंबरात भारतातील व्यवसायाचा निम्मा वाटा चीनच्या सरकारी मालकीच्या ‘सैक’ कंपनीला देण्याचे ठरले. तळेगाव आणि हालोल येथील कारखान्यांचे भवितव्य अमेरिका आणि चीन यांच्या वाटाघाटीत ठरत होते. २०१२ मध्ये अमेरिकन कंपनीने बहुतेक वाटा परत घेतला; पण सैकला भारताची वाट माहीत झाली होती. २०१७ मध्ये बंद पडलेला हालोलचा कारखाना तिनेच घेतला आणि ‘एमजी’ या जुन्या ब्रिटिश नावाने मोटारी विकू लागली.

२०१३ मध्ये टवेराचे प्रकरण उघडकीस आले. २००५ पासूनच्या सुमारे १ लाख १४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. प्रदूषण चाचण्यांत आपल्याच कर्मचाऱ्यांनी नियम मोडल्याची कबुली कंपनीने दिली. परदेशी तंत्रज्ञान म्हणजे सचोटीची हमी मानणाऱ्यांनी तेव्हा माना खाली घातल्या असतील, अशी आशा करू या.

जुलै २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. वृत्तपत्रांनी मथळे दिले. पुरती दोन वर्षेही झाली नाहीत तोच, १८ मे २०१७ रोजी भारतातील विक्री बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेतूनही काढता पाय घेतला. त्याच वर्षी युरोपातील ओपेल विकली आणि ऑस्ट्रेलियातील होल्डनचा कारखाना बंद केला. तेव्हा प्रश्न भारताच्या कायद्यांचा नव्हता. डेट्रॉइटच्या हिशेबवहीत जी खाती तोट्यात होती ती एका झटक्यात मिटवली गेली. बंगळुरूचे तांत्रिक केंद्र मात्र ठेवायचे ठरले. भारतीय बुद्धी स्वस्तात मिळत असेल तर ती हवी, भारतीय कारखाना नको!

तळेगावात त्यानंतर तीन वर्षे निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या. जानेवारी २०२० मध्ये कारखाना चीनच्या ग्रेट वॉल कंपनीला विकण्याचे ठरले. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने त्या कंपनीशी ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला आणि त्याच रात्री गलवानमध्ये आपल्या २० जवानांनी प्राण वेचले. करार स्थगित झाला, केंद्राने शेजारी देशांच्या गुंतवणुकीवर आधीच घातलेल्या निर्बंधामुळे मंजुरी मिळाली नाही आणि २०२२ मध्ये व्यवहारच बारगळला. सीमेवर रक्त सांडणाऱ्या देशाच्या कंपनीला सह्याद्रीच्या कुशीत कारखाना देण्याची वेळ महाराष्ट्रावर का यावी? कारण विकणारा परका होता आणि त्याला घेणारा कोण याच्याशी कर्तव्य नव्हते. आपल्या शासनाकडे ‘विकायचे तर आम्हाला विचारून’ असे म्हणण्याचा अधिकार करारातच असायला हवा होता.

अखेर ह्युंदाईने कारखाना घेतला. जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. त्यात जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री होती. माणसे नव्हती. हजाराहून अधिक कामगारांना २०२१ मध्येच कमी करण्यात आले होते आणि त्यांच्या संघटनेला न्यायालयाची पायरी चढावी लागली. पंचविशीत कारखान्यात लागलेला मावळातला तरुण पस्तिशी-चाळिशीत बेकार झाला. गृहकर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शाळेचे शुल्क डेट्रॉइटच्या निर्णयाची वाट पाहत थांबत नाहीत.

परकीय कारखान्याला जमीन, करसवलत आणि वीज देताना शासन जो करार करते, त्यात कामगारांची देणी कारखान्याच्या मालमत्तेवरील पहिला बोजा म्हणून का नोंदवली जात नाहीत? पहिल्या दहा वर्षांत इंजिन आणि गिअरपेटी यांचे भारतीय प्रमाण किती असेल, हे का लिहून घेतले जात नाही? मुदतीपूर्वी निघून जाणाऱ्याकडून सवलतींची रक्कम व्याजासह वसूल करण्याचे कलम ठेवले तर कोणता प्रामाणिक गुंतवणूकदार बिथरेल? १९५३ च्या सरकारने एवढी एक अट घातली होती. प्रत्येक गुंतवणूक परिषदेत हजारो कोटींच्या करारांचे आकडे जाहीर करणाऱ्या मंत्र्यांनी पुढच्या वेळी त्या आकड्यांशेजारी या तीन कलमांची उत्तरेही छापावीत, अशी मागणी तळेगावच्या परिसरातील मतदारांनी करायला हरकत नाही.