खलनायक लाच का नाकारतो?

कथालेखनाच्या तासाला मुलं एक शेवट हमखास लिहितात. गुंडाला पैसे दिले, त्याने सोडून दिलं, कथा संपली. आपणही शुद्धलेखन तपासून गुण देतो आणि मोकळे होतो. पण 'सगळेच विकत मिळतात' हा धडा मुलं त्यातून नकळत शिकतात. माझ्या मते इथेच थांबून विचारायला हवं, 'त्याने पैसे घेतलेच नाहीत तर?'

कोएन बंधूंचा 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) मुलांना दाखवण्यासारखा नाही, पण आपण मोठ्यांनी पाहावा. मारेकरी शिगर बंदूक रोखून बसलाय. जीव वाचवायला वेल्स १४ हजार डॉलर देऊ करतो, पैशांनी भरलेली बॅग कुठे आहे तेही माहीत असल्याचं सांगतो. शिगर ढिम्म! ती बॅग आपल्या पायाशी येणारच, याची त्याला खात्री आहे. शिवाय या माणसाची तत्त्वं पैशापलीकडची आहेत, असं वेल्सनेच आधी एकाला बजावलेलं असतं. म्हणून तो नकार पटतो; ऐनवेळी घुसडल्यासारखा वाटत नाही.

तेव्हा मुलांना सांगूया, पात्राला नेमकं काय हवंय ते आधी ठरवा, मग प्रसंग लिहा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पैसे नाकारले म्हणून कुणी सज्जन ठरत नाही. शिगर पैसे नाकारतो आणि खून करतोच. कशासाठी नाकारले, ते पाहायचं.

पालकांनो, घरी गोष्ट वाचताना एवढंच विचारून बघा, 'याने पैसे का नाही घेतले?'