‘वाया गेला’ म्हणण्याआधी

विनोद कांबळीचे नाव निघाले की एकच वाक्य कानावर येते : ‘गुणी होता, पण वाया गेला.’ डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचा कार्यक्रम झाला. तिथली कांबळीची चित्रफीत मोबाइलवर फिरली आणि त्याला न तपासताच घरोघरी निदान झाले. काही दिवसांनी तो रुग्णालयात दाखल झाला, तेव्हाही उपदेश थांबले नाहीत.

आता आकडे पाहू. १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये सचिनबरोबर ६६४ धावांची अभेद्य भागीदारी झाली, तेव्हा कांबळी सोळा वर्षांचा होता. १९९३ मध्ये त्याने लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ धावा केल्या. १७ कसोटींत ५४.२० ची सरासरी राखली. नोव्हेंबर १९९५ मध्ये तो शेवटची कसोटी खेळला. तेव्हा त्याचे वय होते अवघे तेवीस!

या वयाला वैद्यकशास्त्रात महत्त्व आहे. मोह आवरणे, परिणामांचा विचार करणे, अपयश पचवणे ही कामे मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतात आणि हा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. म्हणजे कौतुक, पैसा आणि मग डच्चू, हे सारे ऐन घडणीच्या काळात आले. यावरून कांबळीचे निदान करता येत नाही. पण या वयातल्या खेळाडूला सावरणारे माणूस लागते, एवढे नक्की कळते.

‘मग सचिन कसा टिकला?’ हा प्रश्न रास्त आहे. एकाच शाळेत, एकाच गुरूच्या हाताखाली घडलेली दोन मुलेही सारखी नसतात. ताप एकाला कमी चढतो, एकाला जास्त. म्हणून ज्याला जास्त चढला त्याला आपण दोष देत नाही, औषध देतो.

रत्नागिरीतही कबड्डी, खो-खो, क्रिकेटमध्ये जीव ओतणारी मुले-मुली आहेत. गुडघा दुखावला किंवा निवड हुकली की त्यांचे दिवसाचे वेळापत्रकच कोलमडते. त्यानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, भूक मेली, चिडचिड वाढली, मूल मित्रांना टाळू लागले किंवा व्यसनाची चाहूल लागली, तर ‘नाटके करतोय’ म्हणू नये. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. प्रशिक्षकांनीही गुडघ्याइतकीच मनाची विचारपूस करावी.

संघाची यादी लागली की निवडलेल्यांच्या घरी पेढे जातात. ज्याचे नाव आले नाही, त्याच्या घरीही त्या आठवड्यात कुणीतरी जायला हवे.