आरोग्यविचार : साखर आपोआप उतरते तेव्हां

गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका घरीं कुटुंबांतील वडील गृहस्थांनीं सकाळीं नेहमींप्रमाणें इन्सुलिनची सुई घेतली आणि कडक उपवास धरला. वय ७२, मधुमेह जुना, मूत्रपिंडें अशक्त झालेलीं. दुपारीं ते देवघरांत घामानें निथळलेले आढळले. हात थरथरत होते, बोलणें असंबद्ध. कोणी म्हणालें वात झाला, कोणी म्हणालें उपवासाची ग्लानि. धाकट्या सूनबाईंनीं मात्र प्रसंगावधान राखून, “मामंजी, एवढें घोटभर घ्या,” म्हणून साखरपाणी पाजलें, आणि थोड्या वेळानें ते भानावर आले. नवल हें कीं, त्याआधींचे दोन महिने ‘औषध न वाढवितां साखर आपोआप उतरली’ म्हणून त्या घरांत समाधान नांदत होतें. तें समाधान फसवें कां होतें, हें सांगण्याकरितां आजचा लेख.

पोटाचा घेर, रक्तदाब, रक्तांतील साखर आणि मेद हे आपण निरनिराळे विकार समजतों. जेराल्ड रीव्हन या अमेरिकन वैद्यांनीं १९८८ सालीं असें मांडलें कीं, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशीं पुष्कळदां एकच दोष असतो : स्वादुपिंड इन्सुलिन पाझरतें, पण स्नायू व यकृत त्याचें ऐकत नाहींत. यासच इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात, व या विकारांच्या जुडग्यास मेटॅबॉलिक सिंड्रोम. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरांवर गेली कीं सावध व्हावें. अंगकाठी सडपातळ म्हणजे भय नाहीं, असेंही नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा उंचीच्या मानानें वजनाचा अंक एकच, २२.३, होता, पण शरीरांतील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के भरला. हें त्यांनींच २००४ सालीं प्रसिद्ध केलें.

आतां मूत्रपिंडांकडे वळूं. हा विकारसमूह त्यांच्या सूक्ष्म गाळण्या वर्षानुवर्षें झिजवितो. आणि मूत्रपिंडें थकलीं कीं रक्तांत सांचणारीं आम्लें व त्याज्य द्रव्यें स्नायूंस इन्सुलिनविषयीं अधिकच बधिर करितात. मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडरोग्यांतही हा प्रतिरोध आढळतो.

मग साखर उतरते कशी? काम संपलेल्या इन्सुलिनचा, विशेषतः सुईनें घेतलेल्याचा, निकाल लावण्याचें बरेंचसें काम मूत्रपिंडेंच करितात. तीं दुबळीं झालीं कीं तें मुक्काम लांबविणाऱ्या पाहुण्याप्रमाणें रक्तांत रेंगाळतें. मधुमेहाच्या कांहीं गोळ्यांचेंही तसेंच. शिवाय दीर्घ उपवासांत शरीरास लागणारी कांहीं साखर मूत्रपिंडें स्वतः तयार करितात. तेंही साह्य घटतें, आणि रुग्णाची भूकही मंदावलेली असते. म्हणजे कालची योग्य मात्रा आज अधिक ठरते. रोग हटलेला नसतो; मूत्रपिंड मागें पडलेलें असतें. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणीही अशा रुग्णास रक्तक्षय असल्यास चकविते.

तेव्हां घरांतील जाणत्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. साखर कारणावांचून उतरूं लागली तर पेढे वांटूं नयेत. डॉक्टरांकडे जाऊन रक्तांतील क्रिएटिनिन व लघवींतील आल्ब्युमिन तपासून घ्यावें, आणि औषधाची मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी. मधुमेह्यांनीं तर ही तपासणी दरवर्षीं करावी. कारण मूत्रपिंड बिघडतें तेव्हां प्रारंभीं कांहींच दुखत नाहीं. घाम, कंप, असंबद्ध बोलणें दिसल्यास व रुग्ण शुद्धीवर असल्यास ताबडतोब साखरपाणी द्यावें. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहीं न घालतां तत्काळ रुग्णालय गांठावें. साखरपाण्यानें बरें वाटलें तरी डॉक्टरांस कळवावेंच, कारण रेंगाळलेलें औषध साखर पुन्हां पाडूं शकतें.

राहिला उपवास. बालक, वृद्ध व आतुर यांस शास्त्रानेंच सवलत दिली आहे. वडील माणसें ती आपण होऊन घेत नाहींत. ती त्यांस प्रेमानें घ्यावयास लावणें हें घरांतल्या धाकट्यांचें काम आहे. त्या घरीं पुढच्या एकादशीस मामंजींनीं विठोबापुढें फूल वाहिलें आणि वेळेवर जेवण केलें.