ओसरत्या पाण्यातला ताप

महाड-पोलादपूरच्या माणसाला पूर ओळखता येतो. महाबळेश्वराच्या डोंगरात किती कोसळला, खाडीला भरती कधी आहे, सावित्रीबरोबर गांधारी आणि काळ नदीही चढली का, एवढ्यावरून तो दुकानातला माल माळ्यावर चढवायचा की नाही हे ठरवतो. ही सावधगिरी पाणी ओसरताच संपते. घमेली-फावडी घेऊन घरेच्या घरे अनवाणी गाळात उतरतात, आणि लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या रोगाचे जंतू माणसात शिरण्याची खरी वेळ तीच असते.

२२ जुलै २०२१ ला महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळेवरही डोंगर आला. त्या दिवसांत सगळ्यांचे लक्ष ढिगाऱ्यांकडे होते, ते तसेच असायला हवे होते. पण लेप्टोचा ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो. म्हणजे मदतीचे ट्रक आणि बाहेरगावची वैद्यकीय पथके परतू लागतात, त्या सुमारास. मुंबईने २६ जुलै २००५ नंतर हेच भोगले: पाणी गेले आणि मागून लेप्टोची साथ आली.

लेप्टोचे मळसूत्रासारखे पीळदार जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात. उंदराला त्यांचा फारसा त्रास होत नाही. मूत्रावाटे ते बाहेर पडत राहतात. गुरे, कुत्री, डुकरे यांच्यातूनही पसरतात. उन्हात सुकले की मरतात, पण ओल्या मातीत, साचल्या पाण्यात कित्येक आठवडे टिकतात. पायाची भेग, हाताचे खरचटणे, डोळे, तोंड, एवढी वाट त्यांना पुरते. पुरानंतर दुकानांतले भिजलेले तांदूळ-डाळ रस्त्याकडेला कुजत पडतात, तेव्हा उंदरांची आपण सोय करत असतो. आणि पूर हवाच असे नाही. आषाढात चिखलणी-लावणीला पोटरीभर चिखलात दिवसभर वाकलेल्या बाईला हा धोका दरवर्षी आहे. तिच्या तापाची बातमी होत नाही, एवढाच फरक.

पुरानंतर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते, आणि ती पडलीच पाहिजे. कावीळ, हगवण, विषमज्वर त्याने अडतात. पण प्यायचे पाणी शुद्ध केल्याने चिखलातल्या पायाचे रक्षण होत नाही.

सर्वांत घातक ठरतो तो उशीर. सुरुवातीला थंडी, ताप, डोकेदुखी. फ्लू म्हणा, डेंगी म्हणा, मलेरिया म्हणा, सगळे सारखेच. पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर संशय घ्यायलाच हवा. या टप्प्यावर नुसती वेदनाशामक गोळी किंवा सुई घेऊन माणूस पुन्हा कामाला लागतो. पुढे कावीळ, लघवी बंद, फुप्फुसात रक्तस्राव. रक्तातली प्रतिपिंडे दिसायला साधारण आठवडा लागतो, म्हणून पहिल्या दिवसांतला ‘निगेटिव्ह’ अहवाल विश्वासाचा नाही. अहवालाची वाट पाहत औषध रोखणे ही चूक जिवावर बेतते. डॉक्सीसायक्लिन, पेनिसिलिन ही जुनी आणि स्वस्त औषधे आहेत. तरी २०१५ च्या एका अंदाजानुसार हा रोग जगात दरवर्षी दहा लाखांवर लोकांना गाठतो आणि सुमारे ५९ हजारांचा जीव घेतो.

दूरच्या वाडीतला रुग्ण पोलादपूरहून महाडला, तिथून अलिबाग किंवा मुंबईला पाठवायचा, तोवर मूत्रपिंडे हातची गेलेली असतात. म्हणून लढाई उपकेंद्रातच जिंकावी लागेल. हे अशक्य म्हणणाऱ्यांनी डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम आठवावे. याच महाड तालुक्यात विंचूदंशाने पटापट माणसे मरत असताना त्यांनी प्राझोसिन हे साधे औषध वेळेवर देऊन मृत्यूचे प्रमाण अगदी खाली आणले, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला त्याची दखल घ्यावी लागली.

आता मागणी स्पष्ट आहे. पावसाआधी प्रत्येक उपकेंद्रात प्रतिजैविकांचा साठा हवा. चिखलात उतरलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक मात्रा मिळावी. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांनी वेगळा पर्याय निवडावा. मदतीच्या पाकिटात तांदळाबरोबर गमबूट आणि रबरी हातमोजे यावेत. महाडमध्ये डायलिसिसची सोय पावसाळाभर चोवीस तास चालू राहावी. लेप्टोचे तालुकानिहाय आकडे दर आठवड्याला जाहीर व्हावेत. दडवलेला आकडा पुढच्या वाडीला बेसावध ठेवतो. पूर ओसरला की पंचनाम्यासाठी तलाठी घरोघर जातोच. त्याच्याबरोबर आरोग्यसेवक आणि आशाताई जाऊ द्या, घरातले कोण कोण गाळात उतरले त्यांची नावे लिहून घेऊ द्या, आणि पुढचे तीन आठवडे त्याच दारांवर ताप विचारत फिरू द्या.